गळाला चिलापी, थाई मागूर नाहीतर जाळ्याला हेलिकॉप्टर लागला तर काय करायचं

भीमेच्या काठाला कुठेही गळ टाकून बसलेल्या माणसाला विचारा काय लागलं, दहातल्या आठ वेळा उत्तर येणार चिलापी. आमच्या लहानपणी वाम, शिंगटा, मरळ, आहेर असं काय काय यायचं, आता पिशवीत बघावं तर सगळा एकच माल. त्यात हल्ली जाळ्यात ते काटेरी चिलखतवालं हेलिकॉप्टर पण यायला लागलंय, जे कुणी घेत नाही, कुत्रं पण हुंगून सोडतं. मग बहुतेक जण काय करतात, शिवी देतात आणि परत पाण्यात फेकतात. चिलापी (तिलापिया), थाई मागूर आणि हेलिकॉप्टर म्हणजे सकर मासा, हे तिन्ही बाहेरून आणलेले, आपल्या देशी माशांच्या मुळावर आलेले, म्हणून ते परत सोडायचे नाहीत. हा लेख त्या परत फेकणाऱ्या हातासाठी आहे.

आधीच सांगतो, उजनीसारखं धरण गळाने रिकामं होत नसतं. तिथे तुम्ही आयुष्यभर बसलात तरी चिलापीला फरक पडणार नाही. पण गावचा पाझर तलाव, शेततळं, जुनी विहीर, उन्हाळ्यात तुटून राहिलेला नदीचा डोह, अशा बंदिस्त पाण्यात चारपाच जणांनी नेमाने दोन उन्हाळे काम केलं तर फरक दिसतो. म्हणून जागा छोटी निवडा.

परवानगी काढा, मग काठी उचला

आपल्याकडे बहुतेक तलाव आणि धरणं मासेमारीसाठी मच्छीमार सहकारी संस्थेकडे नाहीतर ठेकेदाराकडे असतात. तिथे न विचारता बसलात तर भांडण ठरलेलं आणि चूक तुमचीच. संस्थेच्या माणसाला भेटा, काय करायचंय ते सांगा, आणि एक लक्षात ठेवा, उजनीवर भिगवणपासून खालपर्यंत कितीतरी घरांची चूल चिलापीवर पेटते, तिथे जाऊन चिलापी कशी वाईट यावर भाषण देऊ नका. थाई मागूर आणि हेलिकॉप्टर काढतो म्हणालात तर मात्र चहा पण मिळेल, कारण हेलिकॉप्टरने त्यांची जाळी फाडून ठेवलेली असतात. अभयारण्यातलं पाणी आणि मासेमारीला बंदी असलेली पिण्याच्या पाण्याची धरणं सोडूनच द्या.

ओळख पटवा, हा भाग घाईत वाचू नका

सगळ्यात जास्त गोंधळ मागूरमध्ये होतो. माझ्या हातून एकदा देशी मागूर मारला गेलाय, रात्रीची वेळ, बॅटरी मिणमिणती, मिशा दिसल्या आणि हाणला दंडुका. सकाळी उजेडात बघितलं आणि दिवसभर जेवण गेलं नाही. आधीच देशी मागूर दिसणं दुर्मिळ झालंय. तेव्हापासून मी डोकं चाचपल्याशिवाय काही करत नाही. डोक्याच्या कवचाची मागची कड, म्हणजे जिथे हाड संपून मऊ पाठ सुरू होते, तिथे बोट फिरवायचं. देशीला मध्ये एकच टोक लागतं, इंग्रजी व्हीसारखं. थाईला ती कड रुंद आणि उंचसखल, एम काढल्यासारखी लागते. थाईचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि चपटं, अंगावर राखाडी-काळे ढगाळ डाग, पोट पांढरं. देशी साधारण हातभर लांबीच्या आतच राहतो, त्यामुळे दोनतीन किलोचं धूड आलं तर ते थाईच समजा. नावाला थाई, मासा मूळचा आफ्रिकेतला. केंद्राने २००० सालीच त्याच्या पैदाशीवर बंदी घातली, पुढे हरित लवादानेही फटकारलं, तरी चोरून तळी चालतात आणि पुरात तळं फुटलं की सगळा माल नदीत.

चिलापी ओळखायला सोपी वाटते पण कोकणात आणि गोव्यात तिथेच फसगत होते, कारण खाडीतला काळुंदर, गोव्याचा कालुंदर, लांबून तसाच दिसतो आणि तो आपला देशी मासा आहे. काळुंदर गोलसर, अंगावर मोत्यासारखे ठिपके आणि उभे गडद पट्टे. तरी शंका असेल तर मासा उलटा धरा आणि पोटाखाली शेपटीकडच्या पराचे टोचणारे काटे मोजा. चिलापीला तीन असतात, फार तर चार. काळुंदरला डझनभर. एवढं मोजायला दहा सेकंद लागतात आणि बोटाला एकदा टोचतं, चालायचंच.

चिलापी आपल्याकडे १९५२ मध्ये आणली, स्वस्त प्रोटीन मिळेल म्हणून, आणि १९५९ मध्ये सरकारी मत्स्य संशोधन समितीलाच तिचा प्रसार थांबवा म्हणावं लागलं. आता तिच्या नात्यातल्या नाईल चिलापीची गिफ्ट नावाची सुधारलेली जात परवाना घेऊन रीतसर पाळता येते, त्यामुळे चिलापीचं प्रकरण थोडं गुंतागुंतीचं आहे.

हेलिकॉप्टर म्हणजे सकर मासा, दक्षिण अमेरिकेतला, ॲक्वेरियमची काच चाटतो म्हणून लोकांनी आणला, तो वाढून टाकीत मावेना झाल्यावर 'बिचारा जगू दे' म्हणून तलावात सोडला. त्याला ओळखण्यात चूक होणं अवघड. अंगावर हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत, तोंड खालच्या बाजूला चूषकासारखं, पाठीवर शिडासारखा मोठा पर.

ओळख पटली नाही तर? फोटो काढा आणि मासा सोडून द्या. एक चिलापी जास्त राहिली तर बिघडत नाही, एक देशी मागूर गेला तर बिघडतं.

सामान

रॉड-रील असेल तर उत्तम, नसेल तर बांबूची काठी आणि तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, पुरतं. चिलापीला बारीक तंगूस आणि ८ नाहीतर १० नंबरचा छोटा गळ, कारण तोंड लहान. थाई मागूरला जाड तंगूस आणि दणकट मोठा गळ, नाहीतर सरळ करून जातो. शिवाय हातजाळी, गळ काढायला चिमटा, जाड हातमोजे, दंडुका, धारदार सुरी, वजनकाटा, आणि झाकणाचा ड्रम. झाकणाचाच, आणि झाकण आवळून बसणारं. थाई मागूर हवेत श्वास घेतो आणि ओल्या गवतावरून सरपटत जातो, मी एकदा उघड्या बादलीत तीन ठेवून डबा खायला बसलो, येऊन बघतो तर बादलीत एक आणि गवतात पाण्यापर्यंत दोन चकचकीत रेघा.

चिलापी काढताना

कणकेत थोडी हळद आणि लसूण मळून वाटाण्याएवढी गोळी करा, नाहीतर गांडुळाचा तुकडा. उथळ, कोवळं ऊन पडलेलं पाणी बघा. जिथे तळाला ताटाएवढे गोल खड्डे दिसतात ती त्यांची घरटी, नर तिथे पहारा देतो आणि भूक नसली तरी गोळी जवळ आली की चिडून तोंड घालतो. गोळी तळापासून चार बोटं वर राहील असं बोंड, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, लावा, बोंड बुडालं की हलका झटका.

आता महत्त्वाचं. चिलापीची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. पिल्लंवाली मादी सहसा खात नाही म्हणून गळाला कमी लागते, पण हातजाळीत किंवा पागात, म्हणजे फेकायच्या गोल जाळ्यात, हमखास येते. तिला पाण्यावर लोंबकळत ठेवून गळ नाहीतर जाळं सोडवत बसलात तर ती तिथेच तोंड उघडते आणि राईएवढी पिल्लं सुर्रकन पाण्यात. एक मासा काढून शंभर सोडल्यासारखं होतं. म्हणून खाली जाळी धरून सरळ काठावर, पाण्यापासून आठदहा पावलं आत आणायचं आणि मग सोडवायचं. हनुवटी फुगलेली दिसली तर अंगठ्याने जबडा उघडून बघा, पिवळसर दाण्यांचा लगदा दिसेल.

एक चूक सगळे करतात, मोठ्या चिलापी घरी नेतात आणि बोटभर पिल्लं परत सोडतात. इथे उलटं वागायचं, ती बोटभरच दोनतीन महिन्यांत पिल्लं घालणार आहेत. बारकी काढायला गळापेक्षा लहान आसाचा, म्हणजे बारीक भोकांचा, पाग बरा, पण पागात देशी बारीक मासळी पण येते, ती निवडून लगेच सोडावी लागते, तेवढा धीर नसेल तर पाग टाकू नका.

थाई मागूर

हा रात्रीचा गडी. नाला जिथे मिळतो, चिकनवाले जिथे घाण टाकतात, तिथे सापडतो. कोंबडीचं काळीज किंवा आतडं गळाला दोऱ्याने बांधून तळाला सोडा, शिसं जड लावा. ओढ आली की दोन सेकंद थांबून खेचा, तो चिखलात डोकं खुपसायच्या आत. छातीच्या परांना जे काटे असतात ते बसले तर हात दोन दिवस ठणकतो, म्हणून मोजे. एकट्याने रात्री जाऊ नका, काठावर साप असतात. मुंबईच्या पवई तलावासारख्या पाण्यात मगरी पण आहेत.

हेलिकॉप्टर

गळाची आशा सोडा, हा शेवाळ आणि चिखल खातो, आमिषाकडे ढुंकून बघत नाही. जाळं टाकायचं नाहीतर उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर काठाची बिळं शोधायची. हा अंडी घालायला मातीच्या काठात हातभर आणि त्याहून खोल बिळं पोखरतो, मातीच्या बांधाला म्हणूनच धोका. बिळात हात घालू नका, आत खेकडा, साप काहीही असतो. बिळाच्या तोंडाशी जाळी धरून मागच्या बाजूने पहारीने माती ढोसा, बाहेर येतो.

जाळ्यात अडकला की त्याचे काटे उघडून कुलूप लागल्यासारखे घट्ट होतात. लोक शेपटीकडून ओढतात, तसं केलं की जाळं फाटणारच, काटे मागे वळलेले असतात. डोक्याच्या दिशेने पुढे ढकलायचं, एकेका काट्यावरून आस सोडवत. पाच मिनिटं जातात पण जाळं वाचतं.

मारायचं कसं

हे लिहायला बरं वाटत नाही पण टाळता येत नाही. काठावर तडफडत टाकून देणं क्रूर आहे आणि मागूर-हेलिकॉप्टरच्या बाबतीत बिनकामाचं पण, ओल राहिली तर ते कित्येक तास जिवंत राहतात, पाऊस आला की परत पाण्यात. डोळ्यांच्या मागे, डोक्याच्या मधोमध दंडुक्याचा एक जोरदार घाव, मासा ढिला पडला की लगेच कल्ल्याखाली सुरी. हेलिकॉप्टरचं डोकं दगडासारखं, त्याला जड दंडुका लागतो. लहान पोरं बरोबर असतील तर हे त्यांच्यासमोर खेळ म्हणून करू नका. मासा उपरा आहे यात त्याचा काय दोष.

मग त्याचं काय

चिलापी खा. काटे कमी, हळद-मीठ-लिंबू लावून तासभर ठेवा, लाल तिखट आणि रव्यात घोळून तळा, भिगवणच्या हॉटेलांवर लोक लांबून येतात ते उगीच नाही. फक्त मुळा-मुठेसारख्या सांडपाण्याच्या नदीतली असेल तर नको. थाई मागूर विकायचा नाही, कुणी गुपचूप दर विचारेल, नाही म्हणायचं. तो आणि हेलिकॉप्टर दोन फूट खड्ड्यात घालून वर चुना आणि माती, नारळाच्या नाहीतर आंब्याच्या बुंध्यापासून जरा लांब, खत झकास होतं. खड्डा उथळ केलात तर कुत्री उकरतात आणि शेजारी तुमच्या नावाने ओरडतात, अनुभव आहे.

जिवंत मासा बादलीतून दुसऱ्या गावी नेऊ नका, आमिष म्हणून जिवंत चिलापी लावू नका, पुण्य म्हणून बाजारातून आणून तलावात सोडू नका. घरच्या टाकीतला सकर मोठा झाला असेल तर दुकानदाराला परत द्या. डासांसाठी विहिरीत सोडतात तो गंबुसिया पण परदेशीच, बेडकांची पिल्लं खातो, तो ओढ्यात नेऊन सोडायची हौस करू नका.

वही ठेवा

तारीख, जागा, किती तास बसलो, कुठली जात किती, वजन किती. तासांचा आकडा विसरू नका, कारण चार तासांत चाळीस आणि पुढच्या वर्षी चार तासांत बारा, असं दिसलं तरच कळतं की काम होतंय. देशी काय काय सापडलं आणि सोडलं ते पण लिहा, मी तर त्याला वेगळं पान ठेवलंय. नवीन जागी थाई मागूर किंवा हेलिकॉप्टर दिसला तर डोक्याचा वरून आणि अंगाचा बाजूने असे दोन फोटो काढून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात कळवा, आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाकलात तर अभ्यास करणाऱ्यांनाही सापडतो.

पहिल्या पावसात मासा चढणीला लागला की आम्ही काम थांबवतो, तेव्हा देशी मासे गाभोळीने भरलेले असतात आणि पागात तेच येतात. त्याआधी शेवटच्या दिवशी जाळी धुवून कडक उन्हात दोन दिवस पसरायची. दुसऱ्या तलावावर न्यायच्या आधी तर नक्कीच, आणि जाळ्याच्या कडेची शिशाची घडी उघडून बघायची, तिथे हमखास एखादं बोटाच्या पेराएवढं चिलापीचं पिल्लू अडकलेलं असतं.