इंदूरच्या उन्हाळ्यात फर्न जगवायचंय? बरणीत लावा

इंदूरात फर्न मरतं ते पाण्यावाचून नाही, कोरड्या हवेमुळे. मे महिन्यात रोज पाणी घाला, पानांची टोकं करपणारच, वरून आपली माळव्यातली काळी माती, ओली झाली की चिकट गोळा आणि वाळली की भेगा, त्यात ती बारीक मुळं काय जगणार! म्हणून सरळ एक झाकण असलेली काचेची बरणी घ्या.

आयडिया जुनीच आहे. १८२९ च्या सुमारास लंडनच्या नथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने पतंगाचा कोश ओल्या मातीसकट बंद बाटलीत ठेवला आणि त्या मातीतून फर्न उगवलं, बाहेर बागेत मात्र धुराने त्याची फर्न टिकत नव्हती. पुढे अशाच काचेच्या पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्युन या स्कॉटिश वनस्पतीतज्ज्ञाने चीनमधून चहाची रोपं भारतात आणली, त्यामुळे चहाबाज लोकांनी तरी फर्नला नावं ठेवू नयेत.

तर आता करायचं काय, फर्नला फूल नाही, बी नाही, पानाच्या मागे तपकिरी ठिपके किंवा कडेने रेघ असते (कीड समजून औषध मारू नका!), त्यात बीजाणू, म्हणजे बियांचं काम करणारे बारीक कण, असतात. पावसाळ्यानंतर जुन्या विहिरीच्या किंवा पुलाच्या भिंतीवरचं असं एक पान तोडा आणि दोन-तीन दिवस कागदाच्या पाकिटात ठेवा, खाली बारीक भुकटी पडते. नर्सरीतल्या बॉस्टन फर्नचं पान नको, त्याचे बीजाणू बहुतेक रुजत नाहीत, ते फुटव्यांनीच वाढवा.

बरणीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडी वाळू, त्यावर उकळतं पाणी ओता म्हणजे बुरशी मरेल, जास्तीचं पाणी काढून टाका. मुठीत दाबलं तर एखाद-दोन थेंब पडावेत इतपतच ओल हवी. पूर्ण गार झाल्यावर भुकटी वरून भुरभुरा, मातीत दाबू नका, झाकण लावा आणि उजेडात ठेवा पण ऊन नको, नाहीतर आत भाजी शिजेल.

काही आठवड्यांनी हिरवी साय धरते, मग नखाएवढे, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचे पापुद्रे दिसतात. हे शेवाळ नाही, फेकू नका! यांच्यावर पाण्याचा पातळ थर असला तरच नर-पेशी पोहत जाऊन फलन होतं, म्हणून अधूनमधून उकळून गार केलेल्या पाण्याचा स्प्रे मारा. खरी गुंडाळलेली पानं यायला काही महिने लागतात.

बरणीतून बाहेर काढायचं ते जुलैतच, आणि तेही आधी काही दिवस झाकण थोडंथोडं उघडं ठेवून. आणि हो, हिमाचलात लिंगडी नावाच्या फर्नच्या कोवळ्या कोंबांची भाजी करतात म्हणून इथलं कुठलंही फर्न कढईत टाकू नका, काही जाती विषारी असतात.