ए-लेव्हल मानसशास्त्र: वर्णनाला सहा गुण, बाकीच्या दहांचं काय?

इंग्लंडमध्ये सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे ए-लेव्हल परीक्षेच्या तयारीच्या शेवटच्या दोन शालेय वर्षांत, मानसशास्त्र घेतलं की पहिल्या महिन्यातच नावं आणि सालं पाठ करायचा सपाटा सुरू होतो. पाठांतर लागतंच, पण गुण बहुतेक तिथे अडकत नाहीत.

एक्यूए या परीक्षा मंडळाचा हिशोब बघा. तीन पेपर, प्रत्येकी दोन तास आणि ९६ गुण. म्हणजे एका गुणाला सव्वा मिनिट, आणि १६ गुणांच्या निबंधाला २० मिनिटं. या निबंधात सिद्धान्त सांगण्याला ६ गुण असतात, मूल्यमापनाला १०. प्रश्नात एखादा प्रसंग दिला असेल तर वाटणी ६-४-६ अशी होते, आणि तो प्रसंग उत्तरात आलाच नाही तर मधले चार गुण सरळ जातात. प्रसंग नसेल तेव्हा आठव्या मिनिटाला वर्णन थांबवून मूल्यमापनाकडे वळा, कितीही आठवत असलं तरी.

मूल्यमापन फसतं ते अर्धवट सोडल्यामुळे. लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांचा १९७४चा प्रयोग घ्या. ४५ विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघातांच्या फिती दाखवल्या आणि वेग विचारताना फक्त क्रियापद बदललं. ‘स्मॅश्ड’ (जोरात आदळल्या) म्हटल्यावर सरासरी अंदाज ताशी ४०.५ मैल, ‘कॉन्टॅक्टेड’ (एकमेकींना लागल्या) म्हटल्यावर ३१.८. यावर ‘नमुन्यात फक्त विद्यार्थी होते’ एवढंच लिहिलं तर फारसं काही मिळत नाही. पुढे जा: विद्यार्थ्यांना गाडी चालवण्याचा अनुभव कमी असू शकतो, म्हणून वेगाचा अंदाज कच्चा, म्हणून प्रश्नातल्या शब्दावर भिस्त जास्त, मग मुरलेल्या चालकांवर हाच परिणाम एवढा दिसेलच असं नाही. ‘म्हणून’ दोनदा तरी आल्याशिवाय मुद्दा सोडू नका. असे तीन मुद्दे पूर्ण नेलेले, सहा उडत्या मुद्द्यांपेक्षा केव्हाही भारी.

संशोधन पद्धती शेवटच्या सत्रासाठी ठेवू नका. दुसऱ्या पेपरातले ४८ गुण, म्हणजे निम्मा पेपर, तिचाच आहे, शिवाय बाकीच्या दोन्ही पेपरांत ती डोकावतेच. आठवड्यातून एक तास आकडेमोडीचे प्रश्न सोडवा.

साइन टेस्टमध्ये, म्हणजे सुधारणेला अधिक आणि घसरणीला वजा चिन्ह देऊन फरक योगायोगाचा आहे का ते बघणाऱ्या चाचणीत, एक चूक हमखास होते. समजा १२ जणांची चाचणी आधी आणि नंतर घेतली: आठ जण सुधारले, दोघे घसरले, दोघांचे गुण तेवढेच राहिले. बदल न झालेले दोघे आधी वगळायचे, म्हणजे एन (मोजायच्या माणसांची संख्या) १० झाला. कमी वेळा आलेलं चिन्ह वजा, ते दोनदा; ही संख्या म्हणजेच एस, म्हणून एस = २. पाच टक्क्यांच्या पातळीवर एन १० असताना या चाचणीच्या तक्त्यातलं मूल्य १ आहे. या चाचणीत एस तक्त्यातल्या मूल्याइतका किंवा त्याहून कमी हवा. इथे तो जास्त आहे, म्हणून निष्कर्ष लक्षणीय नाही, म्हणजे फरक योगायोगाचाही असू शकतो. ते दोघे वगळायचे राहिले तर एन १२ धरला जातो, तक्त्यात २ सापडतात आणि निष्कर्ष नेमका उलटा निघतो.

उजळणीला वही पुन्हा वाचत बसू नका. कोरा कागद घ्या, विषय वर लिहा, आठवेल ते उतरवा, मग वहीशी ताडून राहिलेलं लाल पेनाने भरा. तीन दिवसांनी पुन्हा कोऱ्या कागदावर तेच करा आणि लाल शाई कुठे उरते ते बघा.