छोट्या अनुदानाचा अर्ज: आधी आपला वाटा लिहा

धुळे जिल्ह्यातल्या साक्रीला माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. वीस वर्षांत लग्नपत्रिका आणि सातबारा यांच्या खालोखाल मी कशाचे कागद काढले असतील, तर अनुदानाच्या अर्जांचे. गावचा गट येतो, कुणीतरी खिशातून पेनड्राइव्ह काढतं आणि म्हणतं, "ताई, हा शेजारच्या गावाचा अर्ज, फक्त नाव बदला." मीही बरीच वर्षं नाव बदलून देत होते. एकदा तर शेजारच्या गावाची लोकसंख्या तशीच राहिली आणि वाड्यावर सोळाशे माणसं दाखवून अर्ज गेला. परत आला, हे सांगायला नको.

माझं डोकं ठिकाणावर आणलं ते भाच्याने. तो ठिबकच्या कामावर केनियात आहे, मचाकोसकडे. तिथल्या बायकांच्या एका गटाला नदीत वाळूचा बंधारा बांधायचा होता आणि एका वकिलातीच्या छोट्या अनुदानाचा फॉर्म भरायचा होता. पोराने रात्री फोन केला, "मावशी, कितला मांगू?" मी सवयीने म्हटलं, वरची मर्यादा असेल तेवढा माग. तर म्हणतो, फॉर्ममध्ये आधी गावाने काय दिलं ते विचारलंय, मागणी त्याच्यानंतर. मग त्याने व्हॉट्सअॅपवर त्या बायकांच्या वहीचा फोटो पाठवला. शाळेची साधी चौकोनी वही. एका बाजूला नावं, वर तारखा, प्रत्येक चौकटीत त्या दिवशी किती दगड वाहिले त्याच्या रेघा, पाच झाल्या की आडवी रेघ. एका नावापुढे आठवडाभर काही नाही आणि शेजारी लिहिलेलं, बाळंतीण. अर्ज लिहायच्या चार महिने आधीपासूनची ती वही होती.

तेव्हापासून मी गटाला पहिलं विचारते, वही कुठे आहे?

आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत अमेरिकेच्या वकिलाती राजदूतांचा स्वयंसहाय्य निधी चालवत आल्या आहेत, जपानच्या वकिलातींचीही तळागाळातल्या कामांसाठी अशीच योजना आहे. जागतिक पर्यावरण सुविधा (जीईएफ) या आंतरराष्ट्रीय निधीचा लघुअनुदान कार्यक्रम १९९२ पासून आहे. तो मुख्यतः संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत चालत आला आणि बरीच वर्षं एका कामाला साधारण ५०,००० डॉलरपर्यंत देत आला. नावं वेगळी असली तरी मागणं बहुतेक एकच: काम गावाने ठरवलेलं हवं, गावाचा वाटा हवा, ठरल्या मुदतीत संपायला हवं आणि पैसे संपल्यावरही चालायला हवं. आपल्याकडच्या कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठीचा, निधी घ्या किंवा एखादा ट्रस्ट घ्या, वाचणारा माणूस हेच चार प्रश्न मनात धरून बसलेला असतो.

म्हणून काम निवडतानाच हात आखडता घ्या. "गावाचा सर्वांगीण विकास" असं लिहिलं की वाचणारा तिथेच थांबतो. एक विहीर, एक बंधारा, एक चक्की, अंगणवाडीची एक भिंत. वर्षात उभं राहील आणि बोटाने दाखवता येईल असं. पगार, ऑफिसचं भाडं, जुनी उधारी, देवळाचा कळस यांना छोट्या अनुदानात सहसा जागा नसते. सभामंडपाला "बहुउद्देशीय सभागृह" म्हणून मी स्वतः टाईप करून दिलंय. पाहणीला आलेल्या बाईंनी मंडपातली घंटा वाजवून पाहिली होती.

मग जागा. सगळ्यात जास्त कामं इथे मार खातात. आमच्याच तालुक्यात एका वाड्यावर पाण्याची टाकी खाजगी जागेत बांधली. मालक भला माणूस, तोंडी हो म्हणाला. तो गेल्यावर पोरांनी फाटकाला कुलूप लावलं. टाकी अजून आहे, पाणी नाही. तेव्हा सातबारा काढा, मालकाचं संमतीपत्र घ्या आणि त्यावर वारसांच्याही सह्या घ्या. गायरान किंवा नाला असेल तर ग्रामसभेचा ठराव जोडा, वनखात्याची जमीन असेल तर ती परवानगी आधी. ठरावात बायकांच्या सह्या नसतील आणि काम पाण्याचं असेल, तर वाचणाऱ्याला शंका येणारच. पाणी कोण वाहतं हे त्याला माहीत असतं.

आता आपला वाटा. "गावकरी श्रमदान करतील" हे वाक्य मी टाईप करणं सोडून दिलंय. त्याचा हिशेब मांडा. समजा ४० घरं आहेत आणि प्रत्येक घर ६ दिवस देणार. झाले २४० दिवस. रोजगार हमीचा चालू दर लावायचा. सोयीसाठी ३०० रुपये धरू, म्हणजे ७२,००० रुपये. दगड-मुरमाच्या ट्रॅक्टरच्या २५ फेऱ्या, गावातलाच ट्रॅक्टर, फेरी ८०० प्रमाणे २०,०००. घरटी ५०० रुपये वर्गणी, तेही २०,०००. एकूण १,१२,०००. सिमेंट, सळई, गवंडी यांना लागणार २,४०,०००. म्हणजे ३,५२,००० च्या कामात जवळपास एक तृतीयांश तुम्ही आधीच घातलाय. हे वाचल्यावर समोरचा माणूस तुमच्याकडे मागणारा म्हणून बघत नाही.

पण फुगवू नका. मी एकदा २२ घरांच्या पाड्याला ९०० दिवसांचं श्रमदान टाईप करून दिलं, तेही महिन्याभरात. अधिकाऱ्याने तिथेच भागाकार केला, घरटी चाळीस दिवस, आणि विचारलं, महिना किती दिवसांचा असतो तुमच्याकडे? गटातल्या म्हाताऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की अजून त्या पाड्याचं कुणी आलं की मी चहा मागवते.

मागणीच्या रकमेला दरपत्रकं जोडा, शक्यतो तीन, जीएसटी नंबर असलेल्या दुकानांची. तिन्ही एकाच हस्ताक्षरात नकोत. गोल आकडे संशय वाढवतात, "किरकोळ खर्च" तर त्याहून जास्त. सिमेंटच्या गोण्या किती, हे अभियंत्याच्या अंदाजपत्रकातून यावं, सरपंचाच्या अंदाजातून नाही.

त्या वाळूच्या बंधाऱ्याबद्दल थोडं सांगते, कारण तो अर्ज चांगला का होता ते त्यात आहे. पावसाळ्यापुरती वाहणारी वाळूची नदी, तिच्यात खडकापर्यंत पाया नेऊन आडवी भिंत घालतात. एक-दोन, कधी तीन-चार पावसाळ्यांत मागे वाळू भरते आणि त्या वाळूच्या पोकळीत पाणी साठतं, आकारमानाच्या २५ ते ४० टक्क्यांपर्यंत. ऊन लागत नाही म्हणून उडून जात नाही, उघडं नाही म्हणून डास होत नाहीत. मचाकोसकडच्या कांबा बायकांची "म्वेथ्या" नावाची जुनी रीत आहे, आपल्या सावडीसारखी, एकमेकींच्या शेतात बांधबंदिस्ती करायची. देशाच्या राजचिन्हावरच "हरांबे" लिहिलंय, म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढूया. बायकांनी अर्जात दगड, वाळू, पाणी आणि मजुरी आपली, सिमेंट, सळई आणि अभियंता तुमचा, एवढी सरळ वाटणी केली होती. (आपल्याकडे ही भिंत जशीच्या तशी उचलू नका. काळ्या मातीच्या नाल्यात गाळ भरतो, गाळ पाणी देत नाही. आणि जिथे वाळू येते तिथे ती रात्रीत ट्रॅक्टरवर चढते.)

"काम झाल्यावर देखभाल कोण करणार?" या रकान्यात लोक "ग्रामपंचायत" असं एका शब्दात लिहून मोकळे होतात. अहो, आपण पांझरा नदीकाठचे. इथे फड पद्धतीचे, म्हणजे शेतकऱ्यांनीच मिळून पाणी वाटून घ्यायचे, बंधारे शेकडो वर्षं चालले ते कुठल्या रकान्यावर? पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, पाट साफ करायची वेळ आली की ज्याचं शेत भिजतं तो फावडं घेऊन हजर. तसंच लिहा: पंपाची चावी कुणाकडे, महिन्याला घरटी किती गोळा होणार, कुणाच्या खात्यात जमा होणार, मोटर जळाली तर कोण किती दिवसांत धुळ्याला नेणार. माणसाचं नाव लिहा. नाव लिहायला कुणी तयार नसेल, तर त्या कामाचा अर्जच करू नका, असं माझं मत आहे.

कागदांचं थोडक्यात. बचत गटाचं खातं चालत असेल तर विचारून बघा, नाहीतर १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवावी लागते. किमान सात जण आणि धर्मादाय कार्यालयाची फेरी. कंपनीचा सीएसआर निधी हवा तर संस्थेचा सीएसआर-१ नंबर लागतो. परदेशी पैसा थेट घ्यायचा तर परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची एफसीआरए नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी, त्याशिवाय एक रुपया नाही. नोंदणीसाठी तीन वर्षांचं काम आणि १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या खात्यातच येतो. २०२० पासून एका संस्थेने तो दुसऱ्या संस्थेकडे वळवणंही बंद झालंय. "आमच्या नंबरवर घ्या, दहा टक्के आम्हाला द्या" असं सांगणारा भेटला तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

राहिलं वेळापत्रक, आणि श्रमदान नेमकं इथेच बुडतं. केनियात पाऊस दोनदा, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणून त्या बायकांनी भिंतीचं काम जून ते सप्टेंबरमध्ये धरलं होतं. आपल्या तालुक्याच्या पश्चिम भागातली बरीच घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. डिसेंबर-जानेवारीत श्रमदान लिहिलं तर गावात म्हातारे आणि कोंबड्या. होळीच्या आठवड्यात पाड्यावर कुणी फावडं उचलत नाही आणि आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की नांगरट, बियाणं, उधारी. हातात राहतात होळी उलटल्यापासून आखाजीपर्यंतचे काही आठवडे. अनुदानाचा हप्ता त्याआधी खात्यात पडायला हवा, म्हणजे अर्ज पावसाळ्यातच जायला हवा. माझ्याकडे मात्र गट येतात फेब्रुवारीत, पेनड्राइव्ह घेऊन.