चित्रकार वातोचं आडनाव नीट कसं उच्चारावं

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं ‘सिथेराची यात्रा’ हे १७१७ सालचं चित्र आंत्वान वातोचं (Antoine Watteau). रोकोको या अठराव्या शतकातल्या नाजूक, सजावटी कलाशैलीची सुरुवात सांगताना त्याचं नाव येतंच, आणि इंग्रजीच्या वळणानं आपण ते ‘वॉटो’ करून टाकतो. मला याचं वाईट वाटतं, कारण फ्रेंच उच्चार मराठी जिभेला जास्त जवळचा आहे.

१. सुरुवात शेवटापासून करा. ई-ए-यू ही तीन अक्षरं मिळून एकच ‘ओ’ होतो. ‘रूसो’ म्हणताना आपण तो बरोबर म्हणतो. ‘ऊ’कडे झुकू न देता सरळ थांबा.

२. टी दोन लिहिलेत, पण ‘वात्तो’ नको आणि ‘ट’ही नको. आपला दंत्य ‘त’ घ्या. तळहात ओठांसमोर धरून ‘तो’ म्हणा. हवेचा झोत लागला, तर तुमचा ‘थो’ होतोय.

३. मधला ‘आ’ साधा, ‘वात’मधल्यापेक्षा किंचित आखूड.

४. आता पहिलं अक्षर, डब्ल्यू. इथे जरा थांबायला हवं. प्रमाण फ्रेंचमध्ये ते ‘व्हॅन’मधल्या ‘व्ह’सारखं: वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकवून, ‘कॉफी’तल्या ‘फ’च्या जागेवरून, पण घशातून आवाज काढत. ओठ गोल करून म्हटलेला ‘वातो’ही फ्रेंचमध्ये ऐकू येतो. डब्ल्यूनं सुरू होणारी नावं मुळात उत्तरेकडची, फ्लँडर्सच्या (आजच्या बेल्जियमकडच्या प्रदेशाच्या) बाजूची. वातो १६८४ साली जन्मला ते व्हालांसिएन शहर १६७८च्या तहानं स्पेनकडून फ्रान्सकडे आलेलं. त्या काळी लोक त्याला फ्लेमिश, म्हणजे फ्लँडर्सचा, चित्रकारच म्हणत. बोलताना ‘व्हातो’ म्हणा. लिहिताना मात्र मी ‘वातो’च लिहीन, मराठी वाचकाला ते सुटसुटीत पडतं.

५. जोर द्यायचाच तर शेवटच्या ‘तो’वर.

सरावाला त्याचंच एक चित्र घ्या. पांढऱ्या सॅटिनच्या ढगळ कपड्यांतला विदूषक, दोन्ही हात खाली सोडून थेट आपल्याकडे बघत उभा आहे. त्याचं नाव प्येरो. त्यातला (Pierrot) शेवटचा टी मुका. चित्र समोर ठेवून सावकाश दहा वेळा म्हणा: वातोचा प्येरो.