अणुऊर्जा विभागात वरच्या पदावर जायचंय? या चुका टाळा

दरवर्षी बीई झालेली पोरं विचारतात, सर डायरेक्ट सेक्रेटरी व्हायला कुठली परीक्षा द्यायची? पहिली चूक हीच. अणुऊर्जा विभागाचा सचिव आणि अणुऊर्जा आयोगाचा अध्यक्ष एकच माणूस असतो, आणि तो अणुभट्ट्या, प्रयोगशाळा यातूनच वर आलेला असतो. अनिल काकोडकर बघा, १९६३ला मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजमधून मेकॅनिकल इंजिनिअरिंग, मग भाभा अणुसंशोधन केंद्र, १९९६ला तिथले संचालक आणि २०००मध्ये आयोगाचे अध्यक्ष. ३७ वर्षं लागली!

न्यूक्लियरचीच डिग्री लागते हा गैरसमज, वर बघा, मेकॅनिकल.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक. ‘प्लांटवर नको, एसीत बसून कम्प्युटरवरचं सिम्युलेशनचं काम द्या’ असं म्हणणं. मी नवीन असताना एका प्लांटवर पंप थरथरायला लागला, शिफ्ट संपायच्या आत चालू करून द्यायची घाई, मी फाउंडेशनचे बोल्ट आवळले, थरथर कमी झाली, लॉगबुकात ओके लिहून घरी गेलो. तिसऱ्या दिवशी बेअरिंग गेलं. शाफ्टचं अलाइनमेंटच बिघडलेलं होतं, म्हणजे शाफ्ट एका रेषेत नव्हते, ते मोजायचं डायल गेज लावलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. तेव्हापासून रीडिंग डायरीत लिहिल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाही. काकोडकरांनी ज्या ध्रुव या संशोधनाच्या अणुभट्टीवर काम केलं ती ऑगस्ट १९८५ला सुरू झाली आणि प्रवाहामुळे इंधनाच्या कांड्याच थरथरायला लागल्या, तिथे कोणी बोल्ट आवळून मोकळं झालं नाही, पॉवर कमी ठेवून कारण शोधलं, इंधनाच्या जुडग्याची रचना बदलली, पूर्ण १०० मेगावॉट गाठायला १९८८ उजाडलं. शॉर्टकटवाल्यांनी ही तारीख पाठच करावी.

साहेब झालो की टेक्निकल सुटलं, ही पण मोठी चूक. अमेरिकेबरोबरच्या अणुकराराच्या वेळी २००६मध्ये काकोडकर उघडपणे म्हणाले की फास्ट ब्रीडर, म्हणजे वापरतात त्यापेक्षा जास्त इंधन तयार करणाऱ्या भट्ट्या, आंतरराष्ट्रीय तपासणीखाली द्यायचे नाहीत, कारण थोरियमवर वीज बनवायचा पुढचा टप्पा त्यांच्यावरच उभा आहे. तमिळनाडूतल्या कल्पाक्कमचे ब्रीडर तपासणीबाहेरच राहिले. इंधनचक्र डोक्यात पक्कं असल्याशिवाय दिल्लीत असं ठाम बोलता येत नाही हो.

आणि गेट परीक्षेचा स्कोअर आला म्हणून निवांत होऊ नका, भाभा केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलची शेवटची निवड मुलाखतीवरच होते, तिथे बेसिकच विचारतात.