डॅशबोर्ड पॅनेलसाठी एबीएस शीट वाकवणे आणि जोडणे

एबीएस म्हणजे तापवून वाकवता येणारे कडक प्लॅस्टिक. त्याची शीट 3 मिमीची घ्या. आधी पुठ्ठ्याचा साचा गाडीत बसवून बघा. पुठ्ठा चुकला तर काही बिघडत नाही. घडीच्या रेषेवर हीट गन सतत फिरवत दोन्ही बाजू तापवा. शीट आपल्याच वजनाने लोंबू लागली की लाकडी ठोकळ्यावर वाकवा आणि गार होईपर्यंत दाबून धरा, नाहीतर घडी उघडते. बुडबुडे आले तर शीट दमट होती: पुढची आधी 80 अंशांवर 2-3 तास सुकवा.

जोडायला एबीएसचाच चुरा ॲसिटोनमध्ये मधाइतका दाट विरघळवा, हीट गन लांब ठेवूनच. कडा घासून लावा, 24 तास क्लॅम्प. मूळ पॅनेलमागे ‘पीपी’ (पॉलिप्रॉपिलीन, वेगळे प्लॅस्टिक) खूण असेल तर हे चिकटणारच नाही. तिथे सरळ स्क्रू मारा.