आधी चर, मग सवलत: जिल्हा डेटा सेंटरसाठी तयार कसा करायचा

गुंतवणूक परिषदेत वाटल्या जाणाऱ्या माहितीपत्रकाचं पहिलं पान सवलतींनी भरलेलं असतं. मुद्रांक शुल्क माफ, वीज शुल्क माफ, जमीन सवलतीच्या दरात. डेटा सेंटरसाठी, म्हणजे माहिती साठवणाऱ्या आणि चालवणाऱ्या संगणकांच्या केंद्रासाठी, जागा शोधत फिरणारा माणूस हे पान सगळ्यात शेवटी वाचतो. त्याला आधी तीन गोष्टी विचारायच्या असतात. फायबर (प्रकाशाने माहिती नेणारी काचतंतूंची केबल) किती वेगवेगळ्या वाटांनी येतं? वीज किती उपकेंद्रांतून मिळेल? रस्ता खोदायला परवानगी किती दिवसांत मिळते? या तिन्हींची उत्तरं कागदावर तयार नसतील तर सवलतींपर्यंत बोलणं पोचतच नाही. पुढची माहिती पालिकेचे अभियंते, जिल्हा प्रशासन आणि एमआयडीसीतल्या उद्योजक संघटना यांच्यासाठी आहे.

दिल्लीत काय ठरतं, आणि त्यातून काय घ्यायचं

दूरसंचाराचे परवाने, स्पेक्ट्रम (मोबाइल सेवेसाठीच्या रेडिओ लहरींचे पट्टे) आणि परकी गुंतवणुकीचे नियम केंद्राच्या हातात आहेत. २०२१ पासून दूरसंचारात १०० टक्के परकी गुंतवणूक थेट मार्गाने येऊ शकते (जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतल्या पैशाला मात्र सरकारी मंजुरी लागते). तरीही या क्षेत्रातला गुंतवणूकदार बिचकून वागतो, आणि त्याला कारणं आहेत. १९९४ च्या धोरणानंतर ठोक परवाना शुल्काच्या बोजाने कंपन्या वाकल्या, तेव्हा १९९९ च्या धोरणाने महसुलातला वाटा घेण्याची पद्धत आणली. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. ऑक्टोबर २०१९ मध्ये महसुलाच्या व्याख्येवरचा जुना वाद कंपन्यांच्या विरोधात गेला आणि अनेक वर्षांची थकबाकी एकदम अंगावर आली.

स्थानिक यंत्रणेने सगळ्यात नीट पाहावं असं उदाहरण ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्याचं आहे. २०१६ च्या लिलावात त्याची देशभरासाठीची राखीव किंमत दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये होती. एकही बोली आली नाही. २०२१ मध्ये ती ६,५६८ कोटींवर आणली, तरी घेणारा मिळाला नाही. २०२२ मध्ये ३,९२७ कोटींवर आल्यावर जिओने १० मेगाहर्ट्झ घेतले. मधली सहा वर्षं तो पट्टा ना महसूल देत होता ना सेवा. पालिकेचा रस्ता खोदाईचा दर हा याचाच छोटा अवतार असतो. दर भरमसाट ठेवला की कंपनी खांबांवरून केबल लोंबकळत नेते. पालिकेला पैसे मिळत नाहीत आणि शहराला भरवशाचं फायबरही मिळत नाही.

वाटा मोजा, कंपन्या नव्हे

‘आमच्याकडे पाच कंपन्यांचं फायबर आहे’ हे वाक्य जवळपास निरर्थक आहे. पाचपैकी तिघांनी चौथ्याकडून कोअर (केबलमधले सुटे तंतू) भाड्याने घेतलेले असतात आणि सगळे एकाच चरातून, एकाच पुलावरून शहरात येतात. जेसीबीचा एक फटका बसला की पाचही बंद. म्हणून पहिलं काम नकाशाचं. प्रत्येक सेवादात्याकडून मार्गाची केएमएल फाइल (नकाशावर उघडणारी मार्गाची नोंद) मागवा आणि सगळ्या एकावर एक ठेवा. नदीवरचे पूल, रेल्वे फाटकं, घाट आणि शहरात शिरतानाचा शेवटचा दोन किलोमीटरचा पट्टा इथे रेषा हमखास एकत्र येतात. अशा प्रत्येक जागेवर लाल खूण करा. दोन वाटा कुठेही एकत्र येत नसतील तरच त्या दोन मानायच्या.

तिसरी वाट बहुधा जिल्ह्यात आधीच असते, फक्त कुणाच्या ध्यानात नसते. रेलटेल या रेल्वेच्या दूरसंचार कंपनीचं फायबर रुळांच्या कडेने जातं. पॉवरग्रिड या केंद्राच्या वीज पारेषण कंपनीच्या अतिउच्चदाब मनोऱ्यांवर सगळ्यात वर जी अर्थ वायर असते, तिच्या पोटात फायबर असतं, आणि तिथे जेसीबी पोचत नाही. या दोन्हींकडून बँडविड्थ भाड्याने मिळते. उपकेंद्रापासून उद्योग क्षेत्रापर्यंतचा तुकडा तेवढा जोडावा लागतो.

नकाशा झाला की अंतराचा हिशेब करा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. नागपूर ते मुंबई हे अंतर रेल्वेच्या वाटेने ८०० किलोमीटरच्या वर आहे, तेव्हा यंत्रांचा वेळ सोडूनच ८ मिलिसेकंद गेले. दोन ठिकाणी एकाच क्षणी नोंद करणाऱ्या बँकिंग प्रणालींना साधारण १०० किलोमीटरच्या आतलं फायबर लागतं. त्यामुळे हे काम नागपूरला मिळणार नाही. ते नवी मुंबईच्या आसपासच राहील. वर्सोव्याला उतरणाऱ्या समुद्री केबलही मुंबईलाच जवळ आहेत. पण आपत्तीत चालू करायच्या पर्यायी केंद्राची गोष्ट वेगळी. शेअर बाजारांसारख्या संस्थांची अशी केंद्रं शक्यतो वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात असावीत अशी सेबीची अपेक्षा आहे. आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत मुंबई, पुणे आणि नाशिक क्षेत्र ३ मध्ये आहेत, नागपूर क्षेत्र २ मध्ये. नागपूरने हे एक वाक्य माहितीपत्रकाच्या वर छापावं. कोणत्या कामासाठी आपण योग्य नाही हे आधीच सांगितलं तर समोरच्याचा विश्वास बसतो.

परवानगीचं वेळापत्रक उलटं मोजा

२०१६ च्या मार्गाधिकार नियमांनी (केबल टाकायला जागा वापरू देण्याच्या नियमांनी) ६० दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असं मानायची तरतूद आणली. जमिनीखालच्या कामाला प्रशासकीय शुल्क किलोमीटरला जास्तीत जास्त १,००० रुपये ठेवलं, आणि त्याशिवाय रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च घ्यायची मुभा दिली. दूरसंचार कायदा २०२३ खालचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. पालिकेचा जुना ठराव या नियमांशी विसंगत असेल तर तो आधी बदलून घ्या. नाहीतर लेखापरीक्षणाच्या भीतीने कनिष्ठ अभियंता फाइलवर सही करत नाही, आणि त्याचं चुकतं असंही नाही.

अर्जासोबत काय लागेल ते एका पानात पक्कं करा: आरंभ आणि शेवटाचे अक्षांश-रेखांश, लांबी, खोली, उघडा चर की आडवं ड्रिलिंग, कामाचे दिवस, वाहतूक वळवण्याचा आराखडा आणि बँक हमी. पूर्ववत करण्याचा खर्च बँक हमीतून घेणं बरं. रोख घेतलेली रक्कम सर्वसाधारण निधीत जाते आणि खड्डा तसाच राहतो. रेल्वे ओलांडणं आणि वनजमीन या दोन परवानग्यांना सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून त्यांचे अर्ज पहिले टाका. सार्वजनिक बांधकाम, राष्ट्रीय महामार्ग, पाटबंधारे आणि वाहतूक पोलीस त्यांच्यानंतर.

आणि पावसाळा. बहुतेक शहरांत जूनपासून पाऊस सरेपर्यंत खोदाई बंद असते, त्यामुळे मे महिन्यात हातात आलेली परवानगी कागदावरच राहते. दिवाळीच्या आत अर्ज, जानेवारीत चर, एप्रिलअखेर रस्ता पूर्ववत असा क्रम धरला तरच एका हंगामात काम होतं.

चर एकदाच

रस्ता काँक्रीटचा होणार असेल तर त्याआधी रिकामे डक्ट (केबल घालायच्या नळ्या) टाकून ठेवणं ही पालिकेच्या हातातली सगळ्यात स्वस्त गुंतवणूक. ४० मिमी बाहेरचा आणि ३३ मिमी आतला व्यास असलेले एचडीपीई (टणक प्लास्टिकचे) डक्ट, मुख्य रस्त्याला किमान सहा, आत ओढदोर, टोकांना टोपणं आणि दर २०० ते २५० मीटरवर चेंबर. टोपण राहिलं की पहिल्याच पावसात गाळ भरतो आणि दोन वर्षांनी केबल फुंकायला (हवेच्या दाबाने आत ढकलायला) गेलं तर ती मध्येच अडते. डक्ट ताब्यात घेण्याआधी दोन चाचण्या करून घ्या. आतल्या व्यासाच्या ८० टक्के, म्हणजे साधारण २६ मिमीचा लाकडी गोळा या टोकाकडून त्या टोकाला जायला हवा. मग दोन्ही टोकं बंद करून हवेचा दाब भरायचा आणि तासाभराने काटा पाहायचा.

लांब पल्ल्याच्या मार्गावर साध्या जमिनीत १.६५ मीटर खोली धरतात. दख्खनच्या कातळात ती मिळत नाही. तिथे उथळ चर घेऊन डक्टभोवती काँक्रीट भरावं लागतं किंवा लोखंडी पाइप घालावा लागतो. काळ्या मातीचा त्रास वेगळा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि डक्ट वेडावाकडा करते. खाली-वर वाळूचा थर द्यायलाच हवा. खरी फसवणूक मात्र खोलीत होते: बिल १.६५ मीटरचं आणि डक्ट हातभर खाली. माती लोटण्याआधी चरात उभी पट्टी धरून, स्थळाची नोंद असलेला फोटो काढल्याशिवाय मोजमाप पुस्तकात सही करू नये. सरकारच्याच अंदाजाने देशात वर्षाला सुमारे १० लाख वेळा फायबर तुटतं आणि ३,००० कोटींचं नुकसान होतं. मार्च २०२३ मध्ये आलेलं खोदण्याआधी केबलवाल्यांना कळवायचं ‘कॉल बिफोर यू डिग’ अ‍ॅप त्यासाठीच आहे. पालिकेने पाणीपुरवठ्याच्या ठेकेदारालाही ते बंधनकारक करावं, कारण नळजोडणीच्या खोदाईतही केबल तुटतात.

फायबर ताब्यात घेताना वाटेत प्रकाश किती क्षीण होतो ते तपासायचं, आणि गणित साधं आहे. २० किलोमीटर, १५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.२५ डेसिबल, म्हणजे ५. दर दोन किलोमीटरला जोड धरले तर नऊ जोड, प्रत्येकी ०.१, म्हणजे ०.९. दोन टोकांचे कनेक्टर मिळून १. एकूण सातच्या आत. ओटीडीआरवर (फायबरमधली घट मोजणाऱ्या यंत्रावर) नऊ-दहा दिसत असेल तर कुठेतरी जोड बिघडलाय किंवा केबल चेंबरमध्ये दाबून बसवलीय. चाचणी दोन्ही बाजूंनी घ्या आणि सरासरी काढा. एकाच बाजूने पाहिलं तर वाईट जोडही कधी कधी चांगला दिसतो.

ग्रामपंचायतींना फायबरने जोडणाऱ्या केंद्राच्या भारतनेट योजनेचा धडा इथे उपयोगी पडतो. २०११ मध्ये मंजूर झालेल्या मूळ योजनेत तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत फायबर सरळ रेषेत नेलं होतं, त्यामुळे एक तुकडा तुटला की पुढची सगळी गावं बंद. २०२३ च्या १.३९ लाख कोटींच्या सुधारित योजनेने रिंग स्वीकारली, म्हणजे एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने चालू राहणारी गोल जोडणी. मात्र रिंगच्या दोन्ही बाजू एकाच चरात टाकल्या तर ती कागदावरचीच रिंग.

वीज आणि पाणी

५ मेगावॉट संगणकीय भाराचं केंद्र धरा. २०२२ मध्ये डेटा सेंटरला पायाभूत सुविधेचा दर्जा देताना किमान मर्यादा तेवढीच ठेवली आहे. थंडाव्यासह एकूण मागणी साधारण ७.५ मेगावॉट. ती दोन वेगळ्या उपकेंद्रांतून, वेगळ्या मार्गांनी यायला हवी. वीज गेली तर ४८ तास चालायला ३,६०,००० युनिट लागतात. लिटरमागे पावणेचार युनिट धरले तर सुमारे ९६,००० लिटर डिझेल. एवढ्या साठ्याला पेसोचा (केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्थेचा) परवाना लागतो. तो आणि अग्निशमनची मंजुरी एकत्र चालवा.

पाण्याने उष्णता घालवायची तर संगणकांनी वापरलेल्या युनिटमागे दीड लिटरच्या आसपास वाफ होते, म्हणजे या केंद्राला दिवसाला १.८ लाख लिटर. टँकरच्या तालुक्यात हे मागायला गेलात तर गावकरी रस्त्यावर येतील. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी देण्याचा करार आधी करा किंवा हवेने थंड होणाऱ्या यंत्रणेसाठी जास्तीची वीज राखून ठेवा.

मग सवलती

डक्ट सगळ्यांना एकाच दराने वार्षिक भाड्यावर द्या. एकाच कंपनीला वीस वर्षांचा हक्क देऊन एकरकमी पैसे घेण्याचा मोह मोठा असतो, पण त्याने दुसरी वाट कायमची बंद होते आणि जागा शोधणारा माणूस पहिल्या प्रश्नावरच उठून जातो.

सामंजस्य करारांची बेरीज कुणाला दाखवू नका. महापारेषण किंवा महावितरणची डिमांड नोट (वीजजोडणीचे पैसे भरण्याची मागणी) निघाली आणि कंपनीने तिचे पैसे भरले की तो प्रकल्प यादीत घ्यायचा. त्याच दिवशी त्याच्यासाठी एक अभियंता नेमायचा, ज्याच्या नावावर रेल्वे, वन आणि पालिकेच्या तिन्ही फाइली असतील.